एक कोटीची कापडी पिशवी: प्रहसनातला बँक दरोडा पटेल कसा?

दांडियाबाजार_दक्षिण

मंडळी, नमस्कार. यंदाच्या गणपतीतलं आमच्या मंडळाचं प्रहसन बँक दरोड्यावर आहे. पस्तीस मिनिटं, चार चोर, एक हेड कॅशियर बाई, एक पेन्शनर आजोबा, एक वॉचमन. ठिकाण आपलं बडोदंच, मांडवीच्या आसपासची एक काल्पनिक सहकारी बँक.

संहितेत सध्या असं आहे: चोर सकाळी अकराला शिरतात, पाच मिनिटांत एक कोटी कापडी पिशवीत भरतात आणि चौघं एकाच स्कूटरवरून सुरसागर तलावाच्या बाजूने पसार होतात. लेखक म्हणतो, विनोदी आहे, सगळं चालतं. दिग्दर्शक म्हणतो, खरं तेवढंच दाखवा, लोक जास्त हसतील. शिवाय बडोद्यात पहिल्या दोन रांगांत निम्मे प्रेक्षक बँकेतून निवृत्त झालेले असतात, ते सोडणार नाहीत.

तेव्हा जाणकारांनी चुका काढाव्यात. कुलूप कसं उघडायचं वगैरे नको, त्याची गरज नाही. फसतं कुठे आणि का, ते हवंय.

जुना_रोकडिया

पहिली चूक पिशवी.

पाचशेच्या नोटांत एक कोटी म्हणजे २०,००० नोटा. शंभर नोटांची गड्डी, दहा गड्ड्यांचं बंडल. म्हणजे २०० गड्ड्या, २० बंडलं. नोट साधारण एक ग्रॅमची, आणि वापरातली नोट घाम, तेल, हळद पिऊन थोडी जडच होते. एकूण २० ते २३ किलो धरा. नोटेचा आकार ६६ बाय १५० मिलीमीटर. कोरी गड्डी सेंटीमीटरभर जाड, वापरलेली फुगते. सगळं मिळून वीस-पंचवीस लिटर जागा लागते. मोठ्या दप्तरात बसेल, पण खंडेराव मार्केटातल्या भाजीच्या पिशवीचे बंद दारापर्यंत पोचणार नाहीत.

हे झालं सगळ्या पाचशेच्या मिळाल्या तर. शंभराच्या निघाल्या तर एक लाख नोटा, शंभर किलो, चौघांच्या वाट्याला पंचवीस-पंचवीस. दहाच्या निघाल्या तर नोट लहान (६३ बाय १२३), पण संख्या दहा लाख, आणि वजन पाऊण टनाच्या आसपास. दहाची नाणी हाती लागली तर विचारूच नका. एक नाणं ७.७१ ग्रॅमचं, कोटीला दहा लाख नाणी, म्हणजे ७.७ टन. मांडवीत तेवढा ट्रक उभा कुठे करणार, ते दिग्दर्शकाने ठरवावं.

दुसरी चूक ‘एक कोटी’ हीच. छोट्या शाखेत रोकड किती ठेवायची त्याची मर्यादा ठरलेली असते. वरची रक्कम करन्सी चेस्टला, म्हणजे नोटांच्या मुख्य साठ्याला जाते. जास्त ठेवली तर वरून विचारणा होते आणि विम्याचाही प्रश्न येतो. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये तर फारच थोडं, आणि त्यातही मळक्या, फाटक्या, चेस्टला पाठवायला बाजूला काढलेल्या नोटा. घाईत आलेल्या माणसाच्या हाताला बहुधा त्याच लागायच्या.

लीलो_चेवडो

रोकडियाकाका, दोन हजारची नोट असती तर?

जुना_रोकडिया

तर पाच किलोच्या आसपास, बाजाराची पिशवी पुरली असती. पण ती मागे घेतल्याची घोषणा १९ मे २०२३ ला झाली आणि शाखांतून बदलून देणं ७ ऑक्टोबरला थांबलं. चोरांच्या बाजूने विचार करणारा गव्हर्नर अजून झाला नाही.

लेजर_मावशी

रोकडियांनी वजन सांगितलं, मी चाव्या सांगते.

स्ट्राँगरूम एका माणसाच्या हातात कधीच नसते. दोन अधिकारी, दोन वेगळ्या चाव्या, दोन्ही लागल्याशिवाय दार हलत नाही. एकाने दुसऱ्याची चावी सांभाळायची नाही, घरी विसरायची नाही, रजेवर जाताना रजिस्टरमध्ये सही करून सोपवायची. जादा चाव्यांचा संच त्या शाखेत नसतोच, दुसरीकडे असतो. त्यामुळे ‘मॅनेजरच्या कानशिलावर पिस्तूल ठेवलं आणि तिजोरी उघडली’ हा प्रसंग कापा. पिस्तूल एक आणि चावीवाले दोन, ही खरी गंमत आहे.

आता ती फुलवायची कशी? कथा नोव्हेंबरात न्या. पेन्शनरांचे हयातीचे दाखले तेव्हाच असतात. शाखा सकाळी दहापासून तुडुंब. एक चावीवाला अधिकारी अंथरुणाला खिळलेल्या आजींचा दाखला घ्यायला त्यांच्या घरी गेलेला. चोर मॅनेजरला धरून बसलेत, मॅनेजर आपली चावी द्यायला एका पायावर तयार आहे, आणि दार उघडत नाही. मधे पेन्शनर आजोबा चोरालाच विचारतायत, अंगठा कुठे लावायचा.

शेवटचा मुद्दा. हेड कॅशियर बाईंच्या डोक्यावर पाटी टांगलेली असते: ‘काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी. नंतर तक्रार चालणार नाही.’ बाई चोरांना ही पाटी दाखवतात. नोटा मोजायचं यंत्र मिनिटाला हजारेक नोटा मोजतं. वीस हजार नोटांना निव्वळ वीस मिनिटं. गड्डी सोडवणं, भरणं, मळकी नोट अडकली की थांबणं धरलं तर पाऊण तास. पाच मिनिटांचा दरोडा तिथेच संपला.

दांडियाबाजार_दक्षिण

मावशी, पाटी घेतली! दिग्दर्शक फोनवर हसतोय.

वकिली_बाजू

चार चोर ठेवलेत ते नकळत बरोबर आहे. चौघांपर्यंत ती जबरी चोरी: जुनं कलम ३९२, आता भारतीय न्याय संहितेचं ३०९, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पाचवा आला की दरोडा: जुनं ३९५, आता ३१०, थेट जन्मठेपेपर्यंत. आणि पाचवा म्हणजे आत शिरलेलाच असं नाही. बाहेर पहारा देत हजर असलेला, मदत करणाराही मोजला जातो. वॉचमन फितूर दाखवणार असाल तर तोच पाचवा.

अजून एक. दरोड्याची नुसती तयारी हाही गुन्हा, दहा वर्षांपर्यंत. दरोड्यासाठी पाच जण जमले, पुढे काहीच केलं नाही, तरी सात वर्षांपर्यंत. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ ही बातमी तुम्ही आठवड्याआड वाचता ती याच पोटकलमांची. त्यामुळे चोरांपैकी एकाने बैठकीतच बोटांवर माणसं मोजून ‘पाचवी खुर्ची आणू नकोस’ म्हणावं. वकील हसतील, बाकीच्यांनी नाही हसलं तरी चालेल.

पोळ_नंबर_सात

समोरून शिरणारे चोर हा बाळबोध प्रकार झाला. भुयार ठेवा ना. शेजारचं दुकान भाड्याने घ्यायचं, शनिवार-रविवार खणायचं. लंडनमध्ये १९७१ च्या सप्टेंबरात बेकर स्ट्रीटवर झालंच की. चामड्याच्या वस्तूंचं दुकान घेतलं, मधल्या कोंबडीच्या हॉटेलच्या खालून चाळीसेक फुटांचं भुयार थेट लॉइड्स बँकेच्या लॉकरखोलीत.

शॉर्टवेव्ह

झालं, पण त्यातला मजेचा भाग तुम्ही गाळलात. छतावर पहाऱ्याला बसवलेल्या माणसाशी ते वॉकीटॉकीवर बोलत होते. जवळच राहणाऱ्या एका हौशी रेडिओवाल्याच्या यंत्रावर ते संभाषण लागलं. त्याने पोलिसांना कळवलं, आधी कुणी मनावर घेतलं नाही, मग त्याने सगळं टेप केलं. मग पोलिसांनी परिसरातल्या बँका तपासायला घेतल्या. त्या बँकेतही गेले! तिजोरीचं दार बाहेरून शाबूत, वेळेचं कुलूप लागलेलं, म्हणून परत फिरले. चोर त्या वेळी दाराच्या पलीकडे होते.

बडोद्यात वॉकीटॉकीची गरज नाही. पोळेत, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, रात्री दोनला कुदळ वाजली तर व्हॉट्सअॅपवर दहा मिनिटांत ‘कोणाकडे काम चालू आहे?’ पडतं, आणि सव्वादोनला त्यावर महापालिकेला शिव्या सुरू होतात.

काळी_माती

भुयारवाल्यांनी माती मोजलेली नसते, म्हणून हा प्रतिसाद.

मापाला सगळ्यात चांगलं उदाहरण ब्राझीलमधलं फोर्तालेझा, ऑगस्ट २००५. मध्यवर्ती बँकेची शाखा. टोळीने जवळ घर भाड्याने घेतलं, हिरवळ आणि कृत्रिम गवत विकण्याच्या कंपनीची पाटी लावली. धंदा असा निवडला की रोज माती भरलेली गाडी बाहेर पडली तरी शेजारी विचारणार नाहीत. पाटीची निवड हीच त्यांची खरी हुशारी, खणणं नव्हे. भुयार सुमारे ८० मीटर लांब, ७० सेंटीमीटर रुंद-उंच, लाकडाच्या आधाराचं, आत दिवे आणि गार हवेची सोय.

आता गुणाकार: ०.७ × ०.७ × ८० म्हणजे ३९ घनमीटर. जमिनीतल्या मातीचं वजन घनमीटरला १.६ टन धरलं तर ६३ टन. पंचवीस किलोची गोणी भरली तर २,५०० गोणी. शिवाय खणलेली माती पाव हिस्सा फुगते, म्हणजे ठेवायला पन्नास घनमीटर जागा हवी. दोन खोल्यांच्या गाळ्यात ती छताला लागेल.

बडोद्यात अडचण वेगळी. बऱ्याच भागात वर काळी चिकण माती. उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, पावसात फुगून आधारांवर दाब येतो. कोरड्या महिन्यांत खणलेलं भुयार जुलैत बसतं, आणि पाणी वर आलं की आधी भुयारातच भरतं. मांडवी भागात तर जुन्या वाड्यांच्या भिंती एकमेकींना टेकून उभ्या. खाली पोकळी झाली तर बँकेआधी शेजारच्यांचा सज्जा खाली येईल. गणपतीत म्हणजे भर पावसाळ्यात भुयार दाखवणार असाल तर चोरांच्या हातात कुदळीऐवजी बादली द्या.

जुना_रोकडिया

फोर्तालेझाचा आकडा माझ्या वजनाला साक्षीला घेतो. तिथून नेले १६ कोटी ४७ लाख रियाल, सगळ्या पन्नासच्या वापरलेल्या नोटा, म्हणजे सुमारे ३३ लाख नोटा. बातम्यांत वजन साडेतीन टन. भागाकार केला तर नोटेला एक ग्रॅमच्या जरा वर. पैसा कुठल्याही देशाचा असो, ओझं तेवढंच.

आणि जुन्या काळी सोपं होतं असं कुणाला वाटत असेल तर: सयाजीराव महाराजांनी १९०८ च्या जुलैत बँक ऑफ बडोदा सुरू केली, भांडवल दहा लाख. तेव्हाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. ते भांडवल कुणी रोख रुपयांत पळवायचं म्हटलं असतं तर साडेअकरा टनांच्या वर भरलं असतं. बैलगाडीत टनभर धरा, बारा गाड्यांची वरात मांडवीच्या दरवाजातून.

सयाजीगंज_स्टेशन

ही बारा गाड्यांची कल्पना नेपथ्यवाल्याला सांगू नका, तो करून दाखवेल.

अलकापुरी_लाइट

भुयाराचाच दुसरा नमुना: फ्रान्समधलं नीस, जुलै १९७६, सोसिएते जनराल बँकेची शाखा. गटारातून वाट काढली, आत गेल्यावर तिजोरीचं दार आतून वेल्डिंग करून बंद केलं आणि शनिवार-रविवार निवांत लॉकर फोडत बसले. बरोबर खाणं आणि वाइन. जाताना भिंतीवर लिहून गेले: शस्त्र नाही, द्वेष नाही, हिंसा नाही.

बडोद्यात हे करायचं तर चोरीआधी दारूचं परमिट काढावं लागेल. दारूबंदीच्या राज्यात तिजोरीत सापडलेल्या बाटलीचा गुन्हा वेगळा.

लीलो_चेवडो

मग शेवउसळ ठेवा. पण तर्रीच्या वासाने सकाळी वॉचमन आत येईल.

रावपुरा_रिटर्न

भिंतीवर लिहिण्यावरून. तेलंगणात मंचेरियल जिल्ह्यात २०२३ मध्ये एक जण रात्री ग्रामीण बँकेच्या शाखेत शिरला. लॉकर उघडेना, रोकड मिळेना. शेवटी चिठ्ठी ठेवली, मतितार्थ असा: एक रुपयाही मिळाला नाही, माझे ठसे मिळणार नाहीत, शोधू नका, बँक चांगली आहे. ग्राहकाकडून एवढा चांगला अभिप्राय शाखेला क्वचितच मिळतो. ती चिठ्ठी प्रहसनात तक्रारपेटीतून निघू द्या.

नदीकाठ

पळण्याच्या प्रसंगाकडे कुणी बघत नाही. सुरसागरच्या बाजूने अकरा वाजता चौघं एका स्कूटरवर आणि मांडीवर तेवीस किलो? चोर म्हणून पकडलं नाही तरी वाहतूक पोलीस पकडेल.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मन्रो नावाच्या गावी २००८ मध्ये बँकेबाहेर रोकडगाडीला लुटलं. त्या माणसाने आधी इंटरनेटवर मजुरांची जाहिरात दिली: अमुक वाजता अमुक ठिकाणी या, पिवळं जाकीट, निळा शर्ट, डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क. त्याच वेशात तो स्वतः आला, पैसे उचलले आणि शेजारच्या ओढ्यात हवेच्या ट्यूबवर बसून निघून गेला. पोलिसांना जागेवर त्याच वर्णनाची डझनभर माणसं कामाची वाट बघत उभी.

आता हे आपल्या विश्वामित्री नदीत करा. काळाघोडा पुलाखाली ट्यूब सोडली की चोरापेक्षा मगरच आधी हजर. शहरातल्या पात्रात त्या शेकड्यांनी आहेत. हिवाळ्यात दिवसा काठावर ऊन खात पडतात, उन्हाळ्यात अंड्यांवर राखण असते तेव्हा जास्त चिडक्या, पावसाळ्यात पूर आला की रस्त्यावर. रात्री पाण्यात शिकार. म्हणजे ट्यूबवर बसून सुरक्षित जाण्याचा महिना एकही नाही.

वकिली_बाजू

आणि मगरीला काठीने मारली तर? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत, शिक्षा तीन ते सात वर्षं. गंमत बघा, जबरी चोरीला दहा वर्षांची कमाल आहे पण किमान नाही; मगरीला किमान तीन. न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडायचं तर बँक परवडली.

दांडियाबाजार_दक्षिण

मगर घ्यायचीच असं ठरलं. वॉचमनचं काम करणाराच दुहेरी भूमिका करेल.

रात्रीचा दरोडा करावा का? नवरात्रात लोक गरब्याला गेलेले असतात.

पोळ_नंबर_सात

नवरात्रात बडोद्यात रात्री दोनला रस्ते भरलेले असतात, चणियाचोळीतल्या साक्षीदारांनी. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगांसाठी सगळं शहर गच्चीवर, त्यामुळे छतावरून उतरायचं विसरा. उलट मे महिन्यातली दुपारी अडीचची वेळ बघा. कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं.

सयाजीगंज_स्टेशन

मे वरून लिंबू आठवलं. अमेरिकेत पिट्सबर्गला १९९५ मध्ये एकाने दिवसाढवळ्या दोन बँका लुटल्या, तोंड उघडं. तोंडाला लिंबाचा रस चोपडलेला. तर्क असा की लिंबाच्या रसाने कागदावर लिहिलं तर दिसत नाही, तसा चेहरा कॅमेऱ्याला दिसणार नाही. आधी स्वतःचा पोलरॉइड फोटो काढून खात्रीसुद्धा केली. कॅमेरा वाकडा धरला म्हणा की फिल्म खराब म्हणा, फोटोत तो आला नव्हता. रात्रीच्या बातम्यांत चित्रफीत दाखवली, तासाभरात पोलीस दारात. हा म्हणे, ‘पण मी तर रस लावला होता!’ डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये अडाण्याच्या आत्मविश्वासावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याची सुरुवात याच गृहस्थाने होते.

प्रहसनासाठी उपयोग: लिंबाची अदृश्य शाई तापवली की तपकिरी होऊन दिसायला लागते. मग बडोद्यात मे महिन्यात तेच चोपडून आलेला चोर इतरांपेक्षा जास्तच उठून दिसायला हवा. शास्त्र बेचाळीस अंशाला बसत नाही, रंगमंचावर बसेल. फक्त नटाच्या डोळ्यात खरा रस जाऊ देऊ नका, ग्लिसरीन-पाणी लावा.

लेजर_मावशी

हे सगळं परदेशी गंमतजंमत झालं. सगळ्यात अशक्य बँक लूट आपल्याकडची आहे आणि तिच्यात कुदळ, पिस्तूल, लिंबू काहीच नाही. नगरवाला प्रकरण.

२४ मे १९७१, दिल्ली, स्टेट बँकेची पार्लमेंट स्ट्रीट शाखा. मुख्य रोखपाल मल्होत्रांना फोन आला. आधी पंतप्रधानांचे सचिव हक्सर म्हणून आवाज, मग खुद्द इंदिरा गांधींचा म्हणून आवाज: बांगलादेशाच्या गुप्त कामासाठी साठ लाख हवेत, पावती नंतर मिळेल. परवलीचं वाक्य: समोरचा म्हणेल ‘मैं बांगलादेश का बाबू हूँ’, तुम्ही म्हणायचं ‘मैं बार-एट-लॉ हूँ’. मल्होत्रांनी रोकड काढली, पेटी गाडीत ठेवून स्वतः नेली आणि रुस्तम सोहराब नगरवाला या माजी सैन्याधिकाऱ्याच्या हवाली केली. पावती आणायला पंतप्रधानांच्या निवासस्थानी गेले तेव्हा कळलं की असा हुकूमच नाही.

त्याच दिवशी नगरवाला पकडला गेला, जवळजवळ सगळी रक्कम परत मिळाली. कबुलीवर खटला तीन दिवसांत निकालात, चार वर्षांची शिक्षा. पुढे त्याने कबुली फिरवून फेरसुनावणी मागितली, मार्च १९७२ मध्ये कोठडीत असतानाच वारला. तपास करणारा अधिकारी रस्ता अपघातात गेला. १९७७ नंतर चौकशीला रेड्डी आयोग बसला. तो भाग हसण्याचा नाही, प्रहसनात आणू नका.

पण आमच्या कामाच्या दृष्टीने फोनपासून पेटीपर्यंतचा भाग बघा. दोन चाव्या होत्या, रजिस्टर होतं, हाताखालची माणसं होती. नियमाने दुसरा माणूस असतो तो ‘का?’ विचारायला. तिथे दुसऱ्या माणसाला वरून हुकूम आहे एवढं सांगितलं आणि त्याने आपली चावी फिरवली. शंभराच्या नोटा धरल्या तर साठ हजार नोटा, साठ किलोवर ओझं. तेही चोराला उचलावं लागलं नाही, बँकेने पोचतं केलं.

वकिली_बाजू

मावशी, ही जबरी चोरी नाही, फसवणूक आहे. कलमच वेगळं.

लेजर_मावशी

कलम तुम्ही सांभाळा, कॅशबुकात दोन्ही वेळा शिल्लक तेवढीच कमी येते.

शॉर्टवेव्ह

हेच मॉडेल मुंबईत १९ मार्च १९८७ ला ऑपेरा हाउसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी पेढीत. एकाने वर्तमानपत्रात ‘गुप्तचर अधिकारी पाहिजेत’ अशी जाहिरात दिली, मोठ्या हॉटेलात मुलाखती घेतल्या, दोन डझनांहून जास्त तरुण निवडले आणि ‘सराव म्हणून’ सीबीआयची धाड घातली. नमुने म्हणून दागिने पेटीत घेतले, मुलांना दुकानात बसायला सांगितलं आणि गेला तो गेलाच. मुलं इमानदारीत पहारा देत बसली. मन्रोच्या ट्यूबवाल्याने केलं ते मुंबईत वीस वर्षं आधी झालं होतं, तेही ओढ्याशिवाय. आजचं ‘डिजिटल अरेस्ट’ हे यांचंच नातवंड: फोनवर सीबीआय, आणि पैसे आपण आपल्या हाताने पाठवायचे. कायद्यात असली अटक अस्तित्वातच नाही, पण धाक तोच.

रावपुरा_रिटर्न

सगळं नीट पार पडूनही फसलेलं हवं असेल तर सेलम-चेन्नई एक्स्प्रेस, ऑगस्ट २०१६. रिझर्व्ह बँकेकडे निघालेले ३४२ कोटी, डब्याच्या छताला भोक, ५ कोटी ७८ लाख लंपास. सेलमनंतरच्या टप्प्यावर विजेच्या तारा नव्हत्या, गाडी डिझेलवर, म्हणून छतावर चढणं शक्य झालं. २५ हजार व्होल्टखाली हे होत नाही. इतकी अचूक आखणी! आणि नोटा कसल्या? जुन्या, मळलेल्या, रद्द करायला चाललेल्या. त्यावर तीनच महिन्यांत ८ नोव्हेंबर आला आणि पाचशे-हजारच्या नोटांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांनी मध्य प्रदेशातली टोळी पकडली गेली. चोरांच्या घरातली नोटाबंदी हा प्रसंग कुणीतरी लिहायला हवा: बदलायला न्यायच्या तर बँकेतच, रांगेत, ओळखपत्रासह.

दांडियाबाजार_दक्षिण

दिग्दर्शक आणि लेखक दोघांनी धागा वाचला. नवा आराखडा असा: नोव्हेंबर, हयातीचे दाखले. चार चोर, त्यातला एक ‘पाचवा नको’वाला, एक लिंबूवाला. मॅनेजरची चावी मिळते, दुसरी मिळत नाही. मग एक चोर बाहेर जाऊन हेड ऑफिसच्या नावाने फोन करतो, ‘रोकड ताबडतोब द्या’. मॅनेजर उभा राहून होय साहेब, होय साहेब करतो. हेड कॅशियर बाई मात्र म्हणतात, साहेब, हे लेखी पाठवा. नंतर पाटी, मोजणी, यंत्रात अडकलेली नोट. शेवटी ड्रॉवरमधल्या मळक्या नोटा घेऊन नदीकडे, मगर.

आता प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू. नोटा कशा करायच्या? आणि पिशवीचं वजन खरं वाटायला हवं.

जुना_रोकडिया

रंगीत झेरॉक्स काढू नका. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा दंडाची आणि किरकोळ असली तरी. मुलांच्या खेळातल्या ‘मनोरंजन बँके’च्या नोटा वर-खाली एक-एक, मधे कोरा कागद. ए-फोरच्या एका कागदातून ६६ बाय १५० चे चार तुकडे निघतात, तेव्हा २०,००० ला ५,००० कागद, म्हणजे दहा रीम. एवढं कापत बसू नका. दिसणाऱ्या पंधरा-वीस गड्ड्या करा, बाकी पिशवीत न फोडलेल्या आठ रीम टाका. ८० ग्रॅमच्या कागदाची रीम अडीच किलोची, वीस किलो झाले. नटाला ओझ्याचा अभिनय करावा लागणार नाही.

गड्डीला स्टेपल मारू नका, २००१ पासून बंद आहे. कागदी पट्टी, तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही. पहिल्या रांगेतले आधी तेच बघतील.

नदीकाठ

कापडी पिशवी वीस किलोला फाटते म्हणता, मग ती फाटू द्याच. शिवण आधी उसवून कच्च्या धाग्याने टाचा, तिसऱ्या पावलाला सुटेल. तालमीत दोन-तीन पिशव्या जातील, त्या हिशेबाने शिवून घ्या.

वकिली_बाजू

सायरनचं बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणांत ठरावीक दिवस १२ पर्यंत सवलत मिळते, तुमच्या प्रयोगाचा दिवस त्यात आहे का ते आधी विचारा. नसेल तर बँक पावणेदहाच्या आत लुटून घ्या.